लालला लाल

राजेश्वरीचा पाय मोडला तेव्हापासून तिची मोटरसायकल अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती.

राजेश्वरी वीज कंपनीत लाईनवर कामाला. पलूसच्या अलीकडे, त्यांच्या गावापासून थोड्या अंतरावर सबस्टेशन आहे, तिथं ती विद्युत सहायक होती. रस्त्याकडेच्या एका खांबावर तुटलेली तार जोडायला चढली असताना शिडी सरकली आणि ती शिडीसकट शेजारच्या उसात पडली. लाईन बंद केलेली होती आणि ऊस दाट होता, म्हणून एका पायावर भागलं. डाव्या घोट्याच्या वर हाड मोडलं. इस्लामपूरच्या दवाखान्यात प्लॅस्टर घातलं आणि तिला घरी आणून पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर, पाय दोन उशांवर ठेवून निजवलं.

तिचे वडील आकाराम सैन्यात ड्रायव्हर होते. पहाडातल्या रस्त्यांवर अवजड गाड्या चालवून, एकही गाडी दरीत न घालता ते रिटायर झाले. हे ते स्वतः कुणाला सांगत नसत. त्यांची बायको मनुबाई सांगायची, तेही पाहुण्यानं विचारायच्या आत. मुलीनं लाईनची नोकरी धरली ती आकारामना पसंत नव्हती. पण त्यांनी भांडण केलं नाही. त्या विषयावर बोलणं बंद केलं, इतकंच. तिनं पगारातून मोटरसायकल आणली तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि रानाकडं निघून गेले. त्या गाडीवर ते कधी बसले नाहीत.

पाय मोडल्यावर दवाखान्यातून परत येताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "आता बास झालं."

 घरी आल्यावर राजेश्वरीनं बघितलं, तर दारामागच्या खिळ्याला गाडीची किल्ली नव्हती.

किल्ली मनुबाईला सापडली. सदरा धुवायला घेतला तर खिशात. तिनं ती वाळल्या सदऱ्याच्या खिशात पुन्हा होती तशी ठेवली आणि मुलीला येऊन सांगितलं, "त्यांच्यापाशी हाय. मागू नगंस."

"मी कशाला मागू," राजेश्वरी म्हणाली. "पाय कुठं हाय मला मागायला."

प्लॅस्टर काढायचा आठवडा आला. एके दिवशी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, राजेश्वरीला खिडकीबाहेर गाडीवरचं ताडपत्रीचं आवरण ओढल्याचा आवाज आला. खिडकी उंचावर होती. खाटेवरून तिला शेवग्याचा शेंडा आणि आभाळ दिसायचं, अंगण दिसायचं नाही. पण ऐकू सगळं यायचं. फडक्यानं टाकी पुसल्याचा आवाज आला. मग कुणीतरी हवा भरायचा पंप मारला, बराच वेळ. मग किल्ली फिरवल्याची खट्ट झाली आणि त्यापुढं काहीच झालं नाही.

तिचे वडील, आप्पा, तिची गाडी चालू करत होते. प्लॅस्टर निघायच्या आत ती तिच्यासाठी तयार ठेवायची होती, हे तिला कळलं. तिनं उशीवर डोकं टेकलं आणि पडून राहिली.

थोड्या वेळानं जाफरचाचांचा आवाज आला. जाफर हे आकारामचे शाळेपासूनचे दोस्त. गावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या चार गावांतले लोक ती जाफरकडं आणायचे. जुनी तार काढून तांब्याची नवी तार ते अशी भरून द्यायचे की मोटार पहिल्यापेक्षा गार चालायची. विजेच्या बाबतीत आकाराम दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत. स्वतःच्या मुलीचंही नाही.

"उतरलीया बॅटरी," जाफर म्हणाले. "किती दिस हुबी हाय."

"किक न्हाई हिला," आकाराम म्हणाले. "ही कसली गाडी. किक नको?"

"आता कुठल्याच गाडीला नसती. ट्रॅक्टर आण. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरनं करंट देऊ, लगेच चालू व्हईल."

ट्रॅक्टर आकारामचाच होता, जुना. तो धडधडत अंगणात आला आणि बंद झाला. जाफरनी दुकानातून वायरीचे दोन तुकडे आणले होते. राजेश्वरी खाटेवरून ऐकत होती. तिला सांगावंसं वाटलं की आधी वायरीचा रंग बघू नका, बॅटरीवरची खूण बघा. पण तिला यातलं काही कळत नाही असं धरूनच हे सगळं चाललं होतं. गाडी चालू झाल्यावर आप्पा आत येऊन काय म्हणतील, ते तिला ऐकायचं होतं. ती गप्प राहिली.

"लालला लाल लाव," जाफर म्हणाले.

"लालला लाल."

"काळ्याला काळं."

"लावलं."

फट्ट असा आवाज झाला. मग एक बारीक चरचर.

"काढ," जाफर म्हणाले. "काढ. काढ."

"काढलं."

 खिडकीतून जळक्या प्लॅस्टिकचा वास आत आला.

"धूर कुठनं आला?" आकारामनी विचारलं.

"गाडीतनं."

"ते दिसलं मला. गाडीत कुठनं?"

"सीटखालनं."

राजेश्वरीनं आतून हाक मारली, "आप्पा, काय झालं?"

"काय न्हाई," बाहेरून उत्तर आलं. "भांडं पडलं."

"वास येतोय."

यावर दोघांनी थोडा विचार केला असावा. "भांड्यालाच येतोय," आकाराम म्हणाले.

मनुबाई स्वयंपाकघरातून दारात आली, अंगणात बघितलं आणि आत वळली. "तुझी गाडी पेटली व्हती," ती म्हणाली. "आता इझली."

"तू मला सांगितलंस असं त्यांना म्हणू नको."

"मी कशाला म्हणती."

मग त्यांनी सीट काढली. राजेश्वरीला प्रत्येक गोष्ट आवाजावरून कळत होती. ती गाडी तिनं घेतल्यापासून स्वतःच धुतली होती, स्वतःच उघडली होती. सीटचा खटका, बाजूच्या झाकणाचे स्क्रू, फ्यूजच्या डबीचं टोपण. मुख्य फ्यूज जळाला होता. फ्यूजच्या डबीतच एक जादा फ्यूज असतो, तो जाफरना सापडला. तो बसवला आणि या खेपेला गाडीच्या बॅटरीच्या जागी त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी नीट बघून जोडायला घेतली. नीट बघताना त्यांना जे दिसलं त्यावरून थोडी बाचाबाची झाली.

"ही लाल वायर मायनसला कुनी लावली?" जाफर म्हणाले.

"कुठं?"

"हितं. ट्रॅक्टरच्या बॅटरीला. हे बघ, खरवडलं की खूण दिसती. प्लस त्या अंगाला हाय. लाल वायर मायनसला हाय."

"बॅटरी तू बसवलीस."

"वायर तुझ्या ट्रॅक्टरची."

"बसवली कुनी?"

जाफर म्हणाले, "बसवली मी. पर काळी वायर आखूड हुती, मायनसपतोर पोचत न्हवती. तवा तूच म्हनलास की चालतंय, रंगाला काय करायचं."

"तवा चाललं की," आकाराम म्हणाले. "ट्रॅक्टर येवढे दिवस चाललाच की."

यात खोटं काही नव्हतं. ट्रॅक्टरला वायरीच्या रंगाशी देणंघेणं नसतं. दोघांनी तो विषय तिथंच ठेवला.

वायर जोडली आणि किल्ली फिरवायच्या आधीच टिक् असा बारीक आवाज झाला. राजेश्वरीनं तो ओळखला. गेला. आकाराम सायकलवरून दुकानात गेले आणि फ्यूजची पुडी घेऊन आले. टिक्. थोड्या वेळानं आणखी एकदा टिक्. दर खेपेला जाफर म्हणायचे, "ह्यो बी गेला," आणि आकाराम पुढचा द्यायचे. सैन्यात त्यांना जे मागतील ते देत राहायची सवय होती.

किल्ली बंद असताना फ्यूज जातोय, म्हणजे किल्लीच्या अलीकडंच काहीतरी जळून आतल्या आत चिकटलंय, हे राजेश्वरीला पहिल्या टिक्‌लाच कळलं होतं. जाफरचाचांना ते कळायला इतका वेळ का लागतोय ते मात्र तिला कळेना. रोज दुकानात ते हेच काम करायचे. मग तिच्या लक्षात आलं की चाचा घाबरले आहेत. दुसऱ्याची मोटार जळते तेव्हा माणूस शांत असतो. ही त्यांनी स्वतःच्या हातानं जाळली होती आणि ती दोस्ताच्या पोरीची होती.

पुडीत शेवटचाच फ्यूज उरला असावा, कारण जाफर म्हणाले, "जाड तारच टाकू का फ्यूजच्या जागी? मग काय ते एकदाच कळंल."

राजेश्वरी उठून बसली. फ्यूजच्या जागी जाड तार टाकली तर तार टिकेल आणि गाडीतल्या सगळ्या वायरी जळतील. तिनं मनुबाईला हाक मारली.

"आई, चहा नेतीस ना बाहेर?"

"नेती की."

"जाता जाता सांग, फ्यूजच्या जागी सिरीजला बल्ब लावा म्हणून. चाचा दुकानात मोटार तपासताना लावतात तसा. हेडलाईटचा बल्ब चालेल. तार टाकू नका म्हणावं."

"मी सांगू?"

"तुझंच म्हणून सांग."

मनुबाई कप घेऊन बाहेर गेली. कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आवं," ती म्हणाली, "त्यो बलब लावून बघा की शिरीजला."



"कसला बल्ब?" आकारामनी विचारलं.

"फ्यूजच्या जागी. हेडलाईटचा चालतो. आन तार नगं." एवढं बोलून ती आत आली आणि भाकरी थापायला बसली.

बाहेर जाफर हळू आवाजात म्हणाले, "बरोबर हाय वहिनींचं."

बल्बचा उपयोग असा असतो. फ्यूजच्या जागी तो लावला, की करंट त्यातूनच जातो. गाडीत कुठं शॉर्ट असेल, म्हणजे वीज सरळ गाडीच्या अंगाला भिडत असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकी काही जळत नाही. मग एकेक जोडणी सुटी करत जायचं. जी सुटी केल्यावर बल्ब विझेल, चोर तिथं. जाफरनी बल्ब जोडला आणि तो लख्ख पेटला असावा, कारण आकाराम म्हणाले, "उजेड तर चांगला हाय."

आता कामाला रीत आली. जाफरचा आवाजही बदलला. ते दुकानात बोलतात तसे बोलू लागले, म्हणजे फारसं बोलेनासे झाले. हॉर्नची वायर काढली. "पेटलेलाच." मीटरची काढली. "पेटलेलाच." किल्लीच्या खालचा जोड काढला. "पेटलेलाच," आकाराम म्हणाले. ते बल्बवर नजर ठेवायच्या ड्यूटीवर होते आणि दर वेळी तेवढाच एक शब्द बोलत होते. मग सीटखाली खोल कुठंतरी हात घालताना जाफर कण्हले, एक खटका सुटला आणि आकाराम म्हणाले, "इझला."

"रेक्टिफायर," जाफर म्हणाले.

तो ॲल्युमिनियमचा हातात मावणारा डबा असतो. इंजिन चालताना जो करंट तयार होतो तो बॅटरीत भरण्याजोगा करायचं काम त्याचं. उलटा करंट गेला की पहिला मार तोच खातो. तो काढून ठेवल्यावर नवा फ्यूज टिकला. किल्ली फिरली आणि राजेश्वरीला तो बारीक, सुईसारखा आवाज ऐकू आला ज्याची ती मघापासून वाट बघत होती. पेट्रोलचा पंप. म्हणजे गाडीचा मेंदू शाबूत होता. तो जळाला असता तर पंप मुका राहिला असता. तिनं उशी छातीशी धरली. मग स्टार्टर फिरला आणि गाडी चालू झाली.

 गाडी तशीच थोडा वेळ चालू राहिली. ट्रॅक्टरची वायर काढली तशी ती आचका देऊन बंद पडली.

"हिची बॅटरी कामातनं गेलीया," जाफर म्हणाले. "ती नवी लागंल. आन रेक्टिफायर."

"नुसती बॅटरी टाकली तर?"

"चालू व्हईल. पर भरायला काय न्हाई तिला. चालंल थोडी आन उतरंल."

"किती चालंल?"

"सबस्टेशनपतोर जाईल म्हन. माघारी यायची न्हाई."

आकारामनी ट्रॅक्टरची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "मग नुसती बॅटरीच टाक."

"आन वाटंत हुबी ऱ्हायली की?"

"ऱ्हाऊ दे हुबी. दोन-चार बारी ऱ्हायली की कंटाळंल. बसंल घरात."

 स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

"आकाराम," जाफर म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "पोरगी लाईनवर जाती. पावसात सांजच्याला कुठल्या तरी रानात काम हुतं आन मग गाडी चालू व्हायची न्हाई. तू हितं बसशील वाट बघत. मी बी बसन."

अंगणात कोंबडी पंख झाडत होती, तेवढंच ऐकू आलं. आकाराम कुठं बघत असतील ते राजेश्वरीला दिसत नव्हतं. तिला ते बघायचंही नव्हतं. तिला राग आला पाहिजे असं तिला वाटलं आणि राग काही येईना. आप्पा ही गोष्ट तोंडानं पहिल्यांदाच बोलले होते. इतके दिवस ते नुसते खिशात किल्ली घालून फिरत होते.

"सांगलीत मिळंल का ह्यो डबा?" शेवटी आकारामनी विचारलं.

"मिळंल की."

"मग उद्याची पयली एस्टी धरू."

दुसऱ्या दिवशी दोघं सांगलीला गेले. जाताना आकारामनी जळका रेक्टिफायर टॉवेलात गुंडाळून घेतला होता. मनुबाईनं वाटेत खायला दशम्या दिल्या आणि राजेश्वरीला सांगितलं, की हे दोघं एका पाहुण्याला भेटायला निघालेत.

"कोण पाहुणा?" राजेश्वरीनं विचारलं.

"मला काय ठावं. टावेलात गुंडाळलाय त्याला."

संध्याकाळी ते परत आले तेव्हा नवा रेक्टिफायर, नवी बॅटरी आणि ट्रॅक्टरसाठी लांब काळी वायर असं सगळं त्यांच्याजवळ होतं. दुकानदारानं आधी दुसराच डबा दिला होता. दिसायला तसाच, पण खालच्या पिना वेगळ्या. आकारामनी तिथल्या तिथं टॉवेल सोडून जुना आणि नवा शेजारी ठेवला आणि पिना जुळेपर्यंत काउंटरवरून हलले नाहीत, असं जाफरनी मनुबाईला सांगितलं. त्यात तक्रार होती की कौतुक ते कळलं नाही.

सगळं बसवून झाल्यावर जाफरनी मीटर लावला. गाडी चालू करून इंजिनातून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी आधी तपासल्या. तिन्हींवर सारखाच करंट मिळत होता.

"कॉईल चांगली हाय," ते म्हणाले. मग थोड्या नाराजीनं पुढं म्हणाले, "गेली असती तर मी भरून दिली असती. तेवढंच माझं काम हुतं ह्यात."

वायरी परत जोडून गाडी चालू केल्यावर बॅटरीवरचे व्होल्ट चढून चौदाच्या वर गेले आणि तिथं थांबले. रेस वाढवली तरी थांबलेलेच राहिले. आकारामनी ते स्वतः वाकून बघितलं. "गाडी फिट," ते म्हणाले.

जाफर निघताना आत डोकावले. मेहरुनबीनं, त्यांच्या बायकोनं, राजेश्वरीसाठी शेवयांची खीर धाडली होती. तो डबा त्यांनी खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि उभे राहिले.

"बसा की चाचा."

"न्हाई, निघतो." ते दाराकडं बघून हळूच म्हणाले, "राजू, तुझ्या गाडीचं जरा इकडचं तिकडं झालं हुतं. आता बरी हाय. पर ते माझ्या हातनं झालं. आकारामनं काय केलं न्हाई. त्येनं निस्ती वायर धरली हुती. त्याला काय बोलू नगंस."

"नाही बोलत."

"त्येला म्हाईत न्हाई मी तुला सांगितलेलं."

"बरं."

ते गेल्यावर अर्ध्या खिरीपर्यंत ती आली असेल, तेवढ्यात आकाराम आत आले. ते सहसा त्या खोलीत बसत नसत. आज खुर्ची ओढून बसले.

"तुझ्या गाडीचा डिफेक्ट हुता," ते म्हणाले. "काढला."

"बरं झालं."

"डिफेक्ट माझ्यानं झाला. जाफरचा त्यात हात न्हाई. त्यो बिचारा माझ्या सांगण्यावरनं आला हुता. त्याला ह्यातलं काय बोलू नगंस, त्याच्या जिवाला लागंल."

"नाही बोलत," राजेश्वरी म्हणाली. डब्यातली खीर तिनं चमच्यानं एका बाजूला गोळा केली. "आप्पा, मला सगळं ऐकू येत होतं."

"म्हाईत हाय मला. तुझी आई जन्मात कवा शिरीज म्हनली न्हाई."

आत मनुबाईनं भांडं आपटलं.

"म्हंजे मी बॅटरीचं जे बोललो," आकाराम म्हणाले, "ते बी ऐकलं असशील."

"व्हय."

"मग झालं."  बऱ्याच वेळानं त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, किल्ली काढून खाटेच्या कडेवर ठेवली आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "खीर संपवू नगंस सगळी."

इस्लामपूरला जाऊन प्लॅस्टर काढलं तेव्हा आतला पाय तिला कुणा दुसऱ्याचा वाटला. बारीक, पांढुरका. हाड नीट सांधलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही, पण शिडीबिडी इतक्यात नाही, आणि डाव्या पायावर एकदम जोर द्यायचा नाही.

"मोटरसायकल?" राजेश्वरीनं विचारलं.

"गिअर कुठल्या पायानं टाकता?" डॉक्टरांनी विचारलं.

गिअर डाव्या पायानंच टाकायचा असतो.  कंपनीनं तिला तूर्त सबस्टेशनमध्ये बसून करायचं काम दिलं होतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. एस्टी त्या बाजूला दुपारी जाते.

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन अंगणात आली तर गाडी रस्त्याकडं तोंड करून उभी होती आणि आकाराम वर बसलेले होते. पायात बूट, डोक्याला हेल्मेट. दुसरं हेल्मेट त्यांनी आरशाला अडकवलं होतं.

"बस," ते म्हणाले.

ती मागं बसली. त्यांनी दोन्ही आरसे हलवून बघितले, हॉर्न वाजवला, इंडिकेटर डावा-उजवा तपासला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मोठ्या लष्करी गाड्यांचा ताफा घाटातून नेतात त्या वेगानं गावाबाहेर काढली. वेशीवर एक ऊस भरलेली बैलगाडी पुढं होती. तिला त्यांनी बराच वेळ ओलांडलं नाही. राजेश्वरीला मागून म्हणायचं होतं की जागा आहे, काढा पुढं. ती म्हणाली नाही.

बैलगाडी वळली तेव्हा आकारामनी मान न वळवता विचारलं, "शिडी कशी सरकली?"

पाय मोडला त्या दिवसापासून त्यांनी हे विचारलं नव्हतं. राजेश्वरीनं सांगितलं. आदल्या रात्री पाणी पाजलेलं रान होतं. शिडीचा एक पाय आत रुतला आणि दुसरा रस्त्याच्या डांबरावर घसरला. कमरेचा पट्टा खांबाला अडकवायच्या आतच झालं. कोंडीबा, त्यांचा जुना लाईनमन, खाली शिडी धरून होता. तो पण चिखलात बसला.

"दुसरा पाय का घसरला?"

"रबर नव्हतं त्याला."

"हं," आकाराम म्हणाले. 

सबस्टेशनच्या फाटकापाशी कोंडीबा भेटला. त्यानं राजेश्वरीचा पाय बघितला, आकारामना रामराम घातला आणि चहा मागवायला निघाला. आकाराम गाडीवरून उतरले. किल्ली राजेश्वरीच्या हातात दिली. मग भिंतीला लावून ठेवलेल्या शिड्यांकडं त्यांची नजर गेली.

"ह्यातली कुठली?" त्यांनी विचारलं.

कोंडीबानं बोट दाखवलं. आकारामनी ती शिडी आडवी केली, पाय वर करून बघितले आणि एक पाय अंगठ्यानं दाबला. मग दुसऱ्या शिड्या एकेक करून आडव्या केल्या.

"ही ऑफ रोड," पहिल्या शिडीवर हात ठेवून ते म्हणाले, सैन्यात वापरातून काढलेल्या गाडीला म्हणतात तसं. "ही पण. ही चालंल."

"आवं, नव्या शिड्यांसाठी लिहून दिलंय वरच्या ऑफिसात," कोंडीबा म्हणाला.

"येतील तवा येतील," आकाराम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते राजेश्वरीला सोडायला आले तेव्हा गाडीला पोतं बांधलेलं होतं. पोत्यात जुन्या ट्रॅक्टरच्या टायरमधून कापलेले रबराचे जाड तुकडे, नट-बोल्ट आणि पाने. राजेश्वरी आत जाऊन आपल्या टेबलापाशी बसली. आकाराम भिंतीच्या सावलीत शिडीपाशी मांडी घालून बसले आणि पहिला बोल्ट आवळायला घेतला.

कंपनीचे साहेब तेवढ्यात जीपमधून आले. त्यांनी आकारामकडं बघितलं आणि कोंडीबाला विचारलं, "हे कोण?"

"राजेश्वरीचे वडील. तिला सोडायला येतात."

"मग शिडीपाशी काय करतायत?"

कोंडीबानं थोडा विचार केला. "सोडून झालंय त्यांचं," तो म्हणाला.